मॅन्युफॅक्चर्ड होम विकायचंय पण दर वेळी बायरचं लोनच होत नाही, मग नेमकं बघायचं काय?

इथे अमेरिकेत मॅन्युफॅक्चर्ड होम, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून बसवलेलं घर, घेतलेली आपली मंडळी दिसतात त्यापेक्षा बरीच जास्त आहेत. कोणी टेक्सासमध्ये गावाबाहेर एकर-दोन एकर जमीन घेतली त्यावर आधीच एक डबलवाइड (दोन भाग जोडून केलेलं असं घर) उभं होतं, कोणी भाड्याने द्यायला घेतलं, कोणी सुरुवातीच्या दिवसांत परवडतंय म्हणून घेतलं आणि आता पुण्याला परत जायचंय म्हणून विकायला काढलंय. आणि सगळ्यांची तक्रार एकच असते. घर चांगलं, किंमत आजूबाजूच्या साध्या घरांपेक्षा बरीच कमी, ऑफर पण येते, आणि मग तीन-चार आठवड्यांनी रिॲल्टरचा फोन येतो की सॉरी, बायरचं लोन झालं नाही. परत लिस्टिंग, परत नवीन बायर, परत तोच फोन. मग माणूस वैतागून म्हणतो की बायरच फालतू मिळतायत, नाहीतर मग चला अजून पाच हजार कमी करू.

पाच हजार आत्ता कमी करू नका. मी लोन प्रोसेसिंगमध्ये काम करते, अशा फाइली समोर येतात, आणि लागोपाठ दोन बायरचं लोन पडलं असेल तर बहुतेक वेळा भानगड बायरच्या क्रेडिटमध्ये नसते, ती घराच्या कागदात असते नाहीतर घराच्या खाली फाउंडेशनमध्ये असते. बायर बदलला तरी घर तेच, त्यामुळे उत्तर पण तेच येणार. साध्या घरात आपण बायर प्री-ॲप्रूव्ह्ड आहे का एवढंच बघतो, इथे आधी घर प्री-ॲप्रूव्ह करून घ्यायचं आणि मगच बोर्ड लावायचा.

तरीही बायरची बाजू अवघड असतेच, ते नाकारत नाही. सीएफपीबीने (ग्राहकांच्या कर्जांवर लक्ष ठेवणारं अमेरिकन सरकारी खातं) मे २०२१ मध्ये एक रिपोर्ट काढला होता, त्यात मॅन्युफॅक्चर्ड होमसाठी आलेल्या अर्जांपैकी २७ टक्क्यांनाच शेवटी लोन मिळालं असं होतं, आणि साध्या घरांसाठी हाच आकडा ७४ टक्के होता. म्हणून तर घराच्या बाजूची जी कारणं आपल्या हातात आहेत ती आधीच काढून टाकायची, नाहीतर त्या २७ मधला एक बायर नशिबाने मिळाला तरी आपल्याच कागदापायी हातचा जायचा.

लोन नेमकं कुठे पडलं ते आधी शोधा

लोन नाकारलं की लेंडरला तसं बायरला लेखी कळवावं लागतं, कायदाच आहे तसा. ते पत्र तुम्हाला मिळणार नाही, बायरचं खाजगी आहे, पण तुमच्या एजंटने त्यांच्या एजंटला गोडीत विचारलं तर बहुतेक जण कारण सांगतात, कारण त्यांचाही वेळ गेलेला असतो. कारणात उत्पन्न, क्रेडिट हिस्टरी, कर्जाचं प्रमाण असलं काही असेल तर ठीक आहे, तो बायर गेला, पुढचा बघा. पण प्रॉपर्टीचा प्रकार चालत नाही किंवा तारण पुरेसं नाही असं काही लिहिलं असेल तर ते तुमच्या घराबद्दल आहे. पत्र नाहीच कळलं तर तारखा बघा. अप्रेझर (घराची किंमत ठरवणारा) येऊन जायच्या आधीच लोन पडलं तर बहुधा बायर, अप्रेझल किंवा टायटल सर्चच्या (मालकीच्या कागदांची तपासणी) नंतर पडलं तर बहुधा घर. पक्का नियम नाहीये हा पण अंदाज बरोबर येतो.

आता घराच्या बाजूला काय काय अडतं ते. मी ज्या क्रमाने बघते त्याच क्रमाने लिहिते.

टायटल

सगळ्यात जास्त डील इथे अडकतात आणि गंमत म्हणजे सगळ्यात कमी लोक इथे बघतात. मॅन्युफॅक्चर्ड होम कारखान्यातून चासीवर बसून येतं त्यामुळे जन्मतः ते घर नसून गाडी असतं, आणि आपल्याकडे गाडीचं आरसी बुक असतं तसं त्याचं टायटल असतं, जमिनीच्या डीडपेक्षा (खरेदीखतापेक्षा) पूर्ण वेगळं. तुम्ही जमीन आणि घर एकत्र घेतलं, डीड तुमच्या नावावर झाली, म्हणून घरही तुमच्या नावावर झालं असं नाही! मागच्या मालकाच्या, कधी त्याच्याही मागच्या मालकाच्या नावावर ते टायटल तसंच पडलेलं असतं.

बायरला साधं मॉर्गेज मिळायला हवं असेल तर ते गाडीचं टायटल रद्द होऊन घर जमिनीला जोडलेलं आहे, म्हणजे रिअल प्रॉपर्टी आहे, अशी नोंद झालेली लागते. ती झालेली नसेल तर लेंडरच्या दृष्टीने ते चॅटल, म्हणजे जंगम मालमत्ता, आणि मग बायरला फक्त चॅटल लोन मिळतं ज्याचं व्याज जास्त, मुदत कमी, आणि देणारे लेंडर मोजकेच. बायर बँकेत जातो मॉर्गेज मागायला, बँक टायटल बघते, नाही म्हणते, आणि तुम्हाला वाटतं बायर फालतू होता.

हे बदलायची पद्धत प्रत्येक राज्यात वेगळी. टेक्सासमध्ये टीडीएचसीए नावाचं खातं स्टेटमेंट ऑफ ओनरशिप देतं, त्यात रिअल प्रॉपर्टी असं निवडून ते काउंटीत नोंदवायचं. कॅलिफोर्नियात एचसीडी नावाचं खातं, आणि फाउंडेशनसाठी ४३३ए फॉर्म काउंटीत रेकॉर्ड होतो. फ्लोरिडामध्ये टॅक्स कलेक्टरकडून आरपी, म्हणजे रिअल प्रॉपर्टीचं, स्टिकर घेऊन घराला लावायचं, आणि तिथे डबलवाइडच्या दोन भागांची दोन वेगळी टायटलं असतात हे लक्षात ठेवा, एक सापडलं आणि दुसरं गायब असं होतं. ॲरिझोनात अफिडेव्हिट ऑफ अफिक्स्चर, वॉशिंग्टन राज्यात टायटल एलिमिनेशन, नॉर्थ कॅरोलायनात डीएमव्हीकडून (गाड्यांची नोंदणी करणारं खातं) टायटल कॅन्सल. तुमचं राज्य यात नसेल तर सरळ जवळच्या टायटल कंपनीला (मालकीचे कागद तपासून क्लोजिंग, म्हणजे विक्रीचा शेवटचा व्यवहार, करून देणारी) फोन करा आणि विचारा की मॅन्युफॅक्चर्ड होमच्या क्लोजिंग नेहमी करता का, नेहमी करणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत कळतं, न करणारा तुम्हाला आठवडाभर फिरवतो.

आणि तपासताना जुना लिएन, म्हणजे कर्जापोटी घरावर असलेला लेंडरचा बोजा, पण बघा. कर्ज कधीच फिटलेलं असतं पण त्या लेंडरने लिएन रिलीज पाठवलेलाच नसतो आणि मधल्या काळात ती कंपनी दुसऱ्याने विकत घेतलेली असते. नवराबायकोपैकी एक जण गेलेला असेल आणि टायटलवर दोघांची नावं असतील तर तेही आधीच निस्तरा. ही कामं पैशाची फार नाहीत पण वेळ खातात, आठवडे जातात, आणि बायरचा रेट लॉक (ठराविक मुदतीपुरता पक्का केलेला व्याजदर) तेवढा थांबत नाही.

लाल पट्टी आणि आतला कागद

१५ जून १९७६ ही तारीख पाठ करून ठेवा. त्या दिवसापासून हडचा (केंद्र सरकारचं घरांचं खातं) कोड लागू झाला आणि त्यानंतर बनलेलंच घर मॅन्युफॅक्चर्ड होम, त्याआधीचं ते मोबाइल होम. आधीचं असेल तर एफएचए (सरकारी विमा असलेलं लोन) नाही, कन्व्हेन्शनल (सरकारी विमा नसलेलं नेहमीचं मॉर्गेज) नाही, चॅटलवाले पण बहुतेक नाहीच म्हणतात, तुम्ही हा भाग सोडून खाली ओनर फायनान्सवर जा.

नंतरचं असेल तर प्रत्येक भागाच्या बाहेरच्या बाजूला, मागच्या टोकाला, एक छोटी लाल धातूची पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते, सिंगलवाइडला एक, डबलवाइडला दोन. आणि घराच्या आत डेटा प्लेट असते, नाव प्लेट असलं तरी कागदच असतो, किचनच्या कपाटाच्या आत, इलेक्ट्रिक पॅनलजवळ किंवा बेडरूमच्या क्लोजेटमध्ये चिकटवलेला, त्यावर सीरियल नंबर, बनवल्याची तारीख, वाऱ्याचा झोन वगैरे. अप्रेझरला या दोन्हींचे फोटो काढावे लागतात. नाही सापडल्या की अंडररायटर (लेंडरकडचा लोन मंजूर करणारा माणूस) थांबतो.

मग होतं काय, की कोणीतरी दहा वर्षांपूर्वी नवीन सायडिंग बसवलं आणि पट्टी उपटून फेकून दिली. किंवा किचन रिमॉडेल केलं, कपाट गेलं आणि त्याच्याबरोबर कागदही गेला. हड नवीन पट्टी देत नाही, कितीही पैसे दिले तरी. पण आयबीटीएस नावाची संस्था आहे ती रेकॉर्ड बघून लेबल व्हेरिफिकेशनचं पत्र देते, फी भरायची, सीरियल नंबर आणि शक्य तेवढी माहिती द्यायची, आणि लेंडर ते पत्र चालवून घेतात. डेटा प्लेटसाठीही तिथेच किंवा बनवणारी कंपनी अजून चालू असेल तर तिच्याकडे विचारायचं. सीरियल नंबरच माहीत नसेल तर तो टायटलवर असतो, आणि चासीच्या पुढच्या आडव्या स्टीलवर कोरलेला पण असतो, टॉर्च घेऊन खाली वाकायची तयारी ठेवा.

हे काम आज करा. खरंच. बाकी काही नाही केलंत तरी पट्टीचा आणि कागदाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

फाउंडेशन, म्हणजे खरी डोकेदुखी

एफएचए लोनवर येणारे बायर या घरांना भरपूर असतात कारण डाउन पेमेंट साडेतीन टक्के आणि क्रेडिट स्कोअर ५८० ला सुद्धा नियमात बसतो, आणि एफएचएचं म्हणणं असं की फाउंडेशन हडच्या १९९६ च्या गाइडप्रमाणे कायमचं असलं पाहिजे आणि तसं त्या राज्यातल्या लायसन्स असलेल्या इंजिनियरने लिहून दिलं पाहिजे. कन्व्हेन्शनलमध्येही बरेच लेंडर हा कागद मागतातच. आता आपल्याला वाटतं घर वीस वर्षं जागचं हललं नाहीये, वादळं झेललीत, अजून काय कायमचं हवंय? पण नुसते सिमेंटचे ब्लॉक रचून वर घर ठेवलेलं असेल आणि पट्ट्यांनी जमिनीला बांधलेलं असेल तर ते बऱ्याचदा त्या गाइडमध्ये बसत नाही. चाकं, ॲक्सल, ओढायचा हिच हे काढलेलं असायला लागतं. खालच्या बाजूला सगळीकडून बंद पाहिजे, आणि नुसतं पातळ व्हायनिलचं स्कर्टिंग लावलेलं असेल तर त्याच्या मागे पक्का आधार पाहिजे.

लोक काय करतात, बायरचा लेंडर मागेल तेव्हा बघू म्हणून थांबतात. मग लेंडर मागतो, इंजिनियर येतो, नापास करतो, कॉन्ट्रॅक्टर मिळायला तीन आठवडे, तोपर्यंत बायर कंटाळून दुसरं घर बघतो. उलट करा. लिस्टिंगच्या आधी स्वतः इंजिनियर बोलवा, काही शे डॉलरचं काम आहे. पास झालं तर तो कागद लिस्टिंगला जोडा, आणि मध्ये काही बदल किंवा मोडतोड झाली नसेल तर जुनं सर्टिफिकेट पुढच्या लोनलाही चालू शकतं, त्यामुळे तुम्ही घर घेतलं तेव्हाच्या क्लोजिंगच्या गठ्ठ्यात ते आहे का तेही आधी शोधा, एफएचएवर घेतलं असेल तर असणारच. नापास झालं तर काय दुरुस्ती लागेल ते तो लिहून देतो, मग दोन-तीन कॉन्ट्रॅक्टरकडून भाव घ्या. काही हजार डॉलर लागू शकतात, आणि हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, पण किंमत पाच हजारांनी पाडलीत तर तेच बायर आणि तीच अडचण, आणि तेच पाच हजार फाउंडेशनमध्ये घातलेत तर एफएचएवाले सगळे बायर तुमच्या घराला लागू होतात. माझ्या मते हा हिशोब जवळजवळ नेहमी दुरुस्तीच्या बाजूने येतो, फक्त घर फारच जुनं आणि स्वस्त असेल तर नाही.

एक गोष्ट मात्र जपून. मागच्या बाजूला हौसेने काढलेलं डेक, कव्हर्ड पोर्च, कारपोर्ट, जास्तीची खोली. ते जर स्वतःच्या खांबांवर उभं नसून घराच्या भिंतीला टांगलेलं असेल तर मॅन्युफॅक्चर्ड होमची भिंत तेवढा भार धरायला बनवलेलीच नसते, अप्रेझर ते लिहितो, मग वेगळी तपासणी. परमिट घेतलं होतं का हा प्रश्न तर येतोच. कारपोर्टला आतून चार खांब देऊन घरापासून मोकळं केलं की बऱ्याचदा प्रश्न मिटतो, पण काय करायचं ते इंजिनियरला विचारून करा, मेव्हण्याला विचारून नको.

जे बदलता येत नाही

घर एकदा दुसऱ्या जागी बसवलेलं होतं आणि तिथून उचलून इथे आणलंय असं असेल तर एफएचएचं नेहमीचं मॉर्गेजही नाही आणि फॅनी मेचंही (बँकांकडून कन्व्हेन्शनल लोन विकत घेणारी कंपनी) नाही, डीलरच्या लॉटवरून थेट या जागेवर आलेलंच चालतं. याला उपाय नाही. काही लोकल क्रेडिट युनियन आणि छोट्या बँका अशी लोन स्वतःच्या वहीत ठेवतात, पुढे दुसऱ्या कंपनीला विकत नाहीत, त्यांना हे नियम लागू नसतात, तर तुमच्या काउंटीतल्या अशा दोन-तीन ठिकाणी तुम्हीच फोन करून ठेवा आणि नावं एजंटला द्या.

सिंगलवाइडला लेंडर कमी. फ्लोरिडा वगैरे वादळी भागात १९९४ च्या आधीचं घर असेल तर इन्शुरन्सचा घोळ होतो, कारण १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर जुलै १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक झाले आणि त्याआधीच्या घरांना पॉलिसी द्यायला कंपन्या का-कू करतात, आणि इन्शुरन्स नाही तर लोन नाही. तुमची आत्ताची कंपनी नवीन मालकाला पॉलिसी देईल का एवढं विचारून ठेवा.

अप्रेझलचाही त्रास होतो. मॅन्युफॅक्चर्ड होमचा १००४सी नावाचा वेगळा फॉर्म असतो आणि फॅनी मेसाठी तुलनेला कमीत कमी दोन विकलेली मॅन्युफॅक्चर्ड होमंच लागतात, त्या दोनांत शेजारचं विटांचं घर कितीला गेलं ते चालत नाही. गावाकडे अशी विक्री सापडत नाही. तुमच्या एजंटने आसपासच्या काउंटीतल्या विक्रींची यादी करून अप्रेझरच्या हातात द्यावी, तो घेईलच असं नाही पण द्यायला हरकत काही नाही.

घर पार्कमध्ये असेल तर

मग वरचं अर्धं विसरा. पार्क म्हणजे भाड्याच्या जागांवर अशी घरं बसवलेली वसाहत, तिथे जमीन तुमची नाही, त्यामुळे साधं मॉर्गेज जवळजवळ नाहीच, चॅटल लोन हाच रस्ता, आणि ते देणारे लेंडर वेगळे, ट्वेंटीफर्स्ट मॉर्गेज, ट्रायड अशी नावं ऐकायला येतील. एफएचएचं टायटल वन नावाचं लोन पार्कमधल्या घरालाही चालतं, सुरुवातीचा लीज तीन वर्षांचा लागतो, त्याची कर्जमर्यादा कित्येक वर्षं इतकी कमी होती की कोणी विचारत नव्हतं, २०२४ मध्ये ती वाढवली, तरी देणारे लेंडर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. बायरला त्याच्या नेहमीच्या बँकेत पाठवलंत तर तो परत रिकाम्या हाताने येणार हे लिहून ठेवा. लेंडरची नावं तुम्हीच द्या.

आणि इथे बायरला दोन जणांनी पास करावं लागतं, लेंडरने आणि पार्कनेही. पार्कचा अर्ज, उत्पन्नाची अट, बॅकग्राउंड चेक, पंचावन्नच्या वरच्यांची कम्युनिटी असेल तर वयाची अट, हे सगळं ऑफिसमधून लेखी आणून ऑफर घ्यायच्या आधीच बायरला द्या. लॉट रेंट (जागेचं भाडं) नवीन माणसाला किती होणार तेही विचारा, कारण तुम्ही जुने म्हणून तुम्हाला कमी असतं आणि नवीन माणसाला ऑफिसवाले एकदम वाढवून सांगतात, मग बायरचं उत्पन्न आणि हप्ते यांचं गणित लेंडरकडे शेवटच्या आठवड्यात फिसकटतं. काही पार्क ठराविक वर्षांपेक्षा जुनं घर विकलं तर ते तिथून हलवा अशी अट घालतात, लीज वाचा.

बायर कुठला शोधायचा

हे सगळं झाल्यावर तुम्हाला कळलेलं असतं की तुमच्या घरावर कुठलं लोन बसतं, आणि मग तेच लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहायचं, गाडीचं टायटल रद्द झालंय, इंजिनियरचं सर्टिफिकेट आहे, एफएचए चालेल, अमुक लेंडरने प्रॉपर्टी बघितलीय. भाड्याने द्यायला घेणारा इन्व्हेस्टर लोनवर येणार असेल तर त्याला आधीच विचारा की लोन कुठलं, कारण फॅनी मे मॅन्युफॅक्चर्ड होमवर इन्व्हेस्टमेंट लोन घेत नाही आणि एफएचए तर स्वतः राहणाऱ्यालाच. कॅश असेल तर मग प्रश्नच नाही.

आपल्या लोकांसाठी एक मुद्दाम सांगते. घर आपल्याच ओळखीतल्या एचवनबीवाल्याला द्यायचं बोलणं चालू असेल तर २५ मे २०२५ पासून एफएचए लोन सिटिझन आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच आहे, एचवनबी, एल वन यांना बंद. कन्व्हेन्शनल अजून मिळतं. पण तुमचं घर फक्त एफएचएतच बसत असेल तर तो मित्र कितीही पगारवाला असला तरी त्याचा आणि तुमचा महिना फुकट जाईल.

काहीच जमत नसेल तर ओनर फायनान्स

म्हणजे तुम्हीच लेंडर. बायर तुम्हाला डाउन पेमेंट देतो आणि बाकीचं दर महिन्याला व्याजासकट. जुनी मोबाइल होमं, हलवलेली घरं ही बरीचशी अशीच विकली जातात आणि किंमतही बरी मिळते कारण लोन न मिळणारे बायर खूप असतात. पण हे मित्राला उसने पैसे दिल्यासारखं तोंडी करायचं काम नाही.

फेडरल नियमात छोट्या सेलरला सूट आहे. वर्षभरात एकच प्रॉपर्टी अशी विकणारी व्यक्ती असाल, घर तुम्ही स्वतः बांधलेलं नसेल, हप्त्यात मुद्दल उलटं वाढत जाईल अशी रचना नसेल आणि व्याजदर फिक्स असेल किंवा निदान पाच वर्षं तरी बदलणार नसेल, तर लोन ओरिजिनेटरचं लायसन्स लागत नाही. तीनपर्यंत प्रॉपर्टी विकत असाल तर अटी वाढतात, शेवटी एकदम मोठी रक्कम मागणारा बलून चालत नाही आणि बायरला फेडायची ऐपत आहे का हे तपासावं लागतं. माझं म्हणणं, एकच विकत असाल तरी ऐपत तपासाच, पगाराच्या स्लिपा बघा, ते तुमच्याच भल्याचं आहे. राज्याचे नियम याच्या वर वेगळे असतात, म्हणून कागद वकिलाकडूनच करा, नेटवरून उतरवलेला फॉर्म नको.

डाउन पेमेंट जरा भक्कम घ्या. टायटलवर किंवा डीडवर तुमचा लिएन रीतसर नोंदवा, ते न करता नुसत्या विश्वासावर टायटल देऊन टाकलंत तर उद्या तो घर विकून गेला तरी तुम्ही काही करू शकत नाही. इन्शुरन्सवर लिएनहोल्डर म्हणून तुमचं नाव पाहिजे. प्रॉपर्टी टॅक्स कोण भरणार ते लिहा आणि भरतोय का ते काउंटीच्या साइटवर दर वर्षी बघा. हप्ते गोळा करायला सर्व्हिसिंग कंपनी लावलीत तर महिन्याला थोडी फी जाते पण वसुलीचे फोन तुम्हाला करावे लागत नाहीत, आणि तुम्ही भारतात असाल तर त्यांच्याशिवाय पर्यायच नाही. तुमचं स्वतःचं लोन अजून चालू असेल तर आधी तुमच्या लेंडरला विचारा, मालकी बदलली की ते सगळं कर्ज एकदम मागू शकतात.

टॅक्समध्ये, नफा असेल तर फॉर्म ६२५२ वर हप्त्याहप्त्याने दाखवता येतो, व्याज मात्र दर वर्षी उत्पन्नात धरायचं आणि त्यासाठी बायरचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, तो क्लोजिंगलाच घ्या, नंतर मागितला की लोक फोन उचलत नाहीत. आणि व्याज अगदीच नाममात्र लावू नका, आयआरएस दर महिन्याला किमान दर जाहीर करतं, त्याच्या खाली गेलात तर ते स्वतः व्याज धरून टॅक्स लावतात.

रेंट टू ओन म्हणून जे चालतं ते मला आवडत नाही. बऱ्याच राज्यांत त्याला पण घरविक्रीचेच नियम लावतात आणि भाडेकरू समजून तुम्ही घराबाहेर काढायला गेलात की कोर्ट म्हणतं हा तर बायर आहे.

भारतात परत गेला असाल किंवा जाणार असाल तर

विकायच्या दिवशी तुम्ही अमेरिकेचे टॅक्स रेसिडेंट नसाल तर जमिनीसकटच्या घराला फर्प्टा लागतो, म्हणजे बायरने विक्रीच्या किमतीच्या १५ टक्के कापून आयआरएसला पाठवायचे, नफा झालेला असो नसो. किंमत ३ लाख डॉलरपर्यंत असेल आणि बायर स्वतः राहणार असेल तर कपात शून्य, आणि मॅन्युफॅक्चर्ड होम बहुतेक त्याच्या आतच बसतं, फक्त बायरने राहणार असल्याचं सही करून द्यायला हवं आणि ते टायटल कंपनीला आधीच सांगायला हवं. इन्व्हेस्टरला विकलंत तर ही सूट नाही, १५ टक्के जाणार आणि रिटर्न भरून परत मागायचे, किंवा क्लोजिंगच्या आधी ८२८८-बी फॉर्म भरून कमी कापायची परवानगी मागायची.

सह्यांसाठी इथे कोणाला तरी पॉवर ऑफ ॲटर्नी द्यावी लागते आणि जनरल चालत नाही, त्याच प्रॉपर्टीचा पत्ता घालून, आणि घराचं टायटल वेगळं असेल तर त्याचा सीरियल नंबरही घालून केलेली लागते, नाहीतर जमिनीची सही होते आणि घराची राहते. मसुदा टायटल कंपनीकडून आधी मंजूर करून घ्या, मग मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटची नोटरीची अपॉइंटमेंट घ्या, एका शिक्क्याचे ५० डॉलर घेतात आणि अपॉइंटमेंट लगेच मिळेलच असं नसतं. ऑनलाइन नोटरी टायटल कंपनीला चालत असेल तर उत्तमच, पण चालते असं त्यांच्याकडून ईमेलवर घ्या, आणि बायरच्या लेंडरलाही विचारायला सांगा, कारण टायटल कंपनी हो म्हणते आणि लेंडर क्लोजिंगच्या आदल्या दिवशी ओरिजिनल कागद मागतो, मग कुरियर मुंबईहून निघेपर्यंत सगळे खोळंबतात.